साडेअठरा

अवकाळी पाऊस आला आणि वाफ्यांत धरलेलं मीठ एका दुपारी परत पाणी झालं. महिनाभराचं काम होतं ते. माझा नवरा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधावर उभं राहून नुसते बघत होते. करण्यासारखं काही नव्हतंच. पाणी ओसरल्यावर मालकाने अर्धेच वाफे पुन्हा भरायचं ठरवलं, म्हणजे कामावर जोड्याही अर्ध्याच राहणार. कुठल्या राहणार, ते या वेळी काट्यावर ठरायचं होतं.

आमच्याकडे मिठाचा वाफा एकट्या माणसाला मिळत नाही, जोडीला मिळतो. एकाने लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काठाला आणायचं, दुसऱ्याने ते पाटीत भरून डोक्यावरून ढिगापर्यंत न्यायचं. फळीला पुरुषाचाच जोर लागतो, म्हणून नवरा ओढणारा, आत्याबाई वाहणाऱ्या. आधी सासरे ओढायचे, तेव्हापासून वाहायला याच. बाळ वर्षाचं होईपर्यंत बाईचं नाव जोडीत लागत नाही, आणि माझं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं. वाफ्याबरोबर राहायला खोली मिळते. वाफा गेला की खोलीही गेली.

मागच्या हंगामात एक बाई पाटीखाली कोसळली ती उठलीच नाही. त्यावरून मीठ विकत घेणाऱ्या बड्या कंपनीने नियम लावून दिला होता की प्रत्येक कामगाराचं आरोग्याचं कार्ड हवं, आणि कार्डावरचा आकडा साडेअठराच्या खाली असेल त्याने पाटी उचलायची नाही. आधी सगळ्यांना वाटलं साडेअठरा म्हणजे किलो. लोक हसले. एवढं तर मुकादमाच्या एका मांडीचंच भरेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि मुकादम जवळच असल्यामुळे ते कोण म्हणालं ते कधीच कळलं नाही.

किलो नव्हते ते. दवाखान्यात नर्सबाईंनी सांगितलं की वजनाला उंचीने भागायचं आणि येईल त्याला परत उंचीनेच भागायचं. दोनदा का, असं नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, तसंच असतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. भागाकार मला कळला आणि त्यातली मेखही कळली. माणूस जेवढा उंच तेवढं त्याला जास्त भरावं लागणार, आणि आत्याबाई आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या सगळ्यांत उंच बाई. लोक पाठीमागे त्यांना शिडी म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि थोडं आवडायचंही. ढिगाच्या अगदी वरच्या टोकाला पाटी उपडी करावी तर त्यांनीच.

नर्सबाईंनी त्यांना भिंतीशी उभं केलं. टाचा मागे, मान सरळ, खांदे भिंतीला. नवऱ्याने वाटेतच सांगून ठेवलं होतं की जरा वाकून राहा, म्हणून आत्याबाई गुडघ्यातही थोड्या मुडपल्या होत्या. नर्सबाईंनी एका हाताने खांदे आणि दुसऱ्याने गुडघे मागे दाबले.

"सरळ व्हा मावशी. वाकायचं नाही."

"तीस वर्षं पाटीने वाकवलंय मला," आत्याबाई म्हणाल्या. "ते आता असं फुकट सरळ करताय?"

रांगेतले हसले. नर्सबाईही हसल्या, पण त्यांनी लिहायचं ते लिहिलंच. उंची एक मीटर चौसष्ट. वजन शेहेचाळीस किलो तीनशे. आकडा आला सतरा पूर्णांक दोन. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं होतं, तोवर वाफा आमच्या नावाने थांबणार होता. मुकादम म्हणाला, शिडी, खा जरा. तो स्वतः काट्यावर चढला नाही. त्याला पाटी उचलायची नव्हती.

घरी येईपर्यंत मी हिशेब करून टाकला. आम्हाला एकोणपन्नास किलो आठशे हवे होते, म्हणजे साडेतीन किलो कमी होते. माझं बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो सहाशे होतं. पंधरा दिवसांत एक अख्खं बाळ आणि वर थोडं, एवढं आत्याबाईंच्या अंगावर चढवायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अंडी आणली, केळी आणली, दूध जास्तीचं घेतलं. भात त्यांच्या ताटात आधी वाढू लागले, मग नवऱ्याच्या, मग उरेल ते माझं. आत्याबाईंचं पोट तीस वर्षांच्या सवयीने एवढंसं झालेलं. दहा घासांत भरायचं. अकराव्या घासाला त्या इकडेतिकडे बघायच्या, शाळेतल्या पोरीसारख्या, आणि अंडं हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवायच्या. मी पकडायचे. मग त्यांच्यासमोर बसून एका गुडघ्यावर बाळ घ्यायचं आणि दोघांना भरवायचं. एकाला दात नव्हते आणि एकीला दात असून खायचं नव्हतं.

"तू सासू आहेस की मी?" त्या म्हणायच्या. पण तोंड उघडायच्या.

मला भूक लागायची. पाजणाऱ्या बाईला लागते तशी, आतून खरवडल्यासारखी. मी पेजेत पाणी वाढवायचे आणि तांब्याभर पिऊन टाकायचे. बाळ एका बाजूचं संपवून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि तीही लवकर संपली की माझ्या तोंडाकडे बघायचं. नवऱ्याला यातलं काही दिसलं नाही. मी दिसू दिलं नाही, हेही खरं.

आठव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही त्यांना गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर बसवलं. तिथला राखणदार ओळखीचा, त्याने पोती बाजूला केली. शेहेचाळीस किलो नऊशे. आठ दिवसांत सहाशे ग्रॅम. आत्याबाई काट्यावरून उतरल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर गेल्या.

तोवर ओळीतल्या, आमच्या आधी पाळी आलेल्या इतरांनी नाना युक्त्या करून पाहिल्या होत्या. एकीने कपड्याच्या काठात खडे शिवले, तर नर्सबाईंनी सगळ्यांना दवाखान्याचे झगे घालायला लावले. ज्याला सगळे पैलवान म्हणायचे तो काटकुळा माणूस घागरभर पाणी पिऊन गेला. मुकादमाला सुगावा लागला असावा. त्याने सगळ्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं, उठायचं नाही म्हणाला. पैलवान दीड तास बसला. मग त्याच्या पायांखाली ओल पसरत गेली आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, जणू ती ओल दुसऱ्याच कुणाची आहे. नंतर तो काट्यावर चढलाच नाही. त्याच आठवड्यात त्याची खोली रिकामी झाली.

शेजारच्या खोलीतल्या बाईला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण ती बंद होत नसे. तिनेच ती गोष्ट सुचवली. म्हणाली, पाणी पिऊन उपयोग नाही, ते आत थांबायला हवं. आणि पाण्याला थांबवून कोण धरतं, हे मिठातल्या माणसांना दुसऱ्याने सांगायचं का? आपला ढीग बघा. दमट हवा सुटली की कोरडा ढीग पाणी ओढतो, खालून पाझरतो, पोतं दीड किलोने जड भरतं. माणसाचंही तसंच असणार. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. ढिगाचं ओलं होणं आम्ही रोज हाताने चाचपत होतो.

आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी ढिगावरून ओंजळभर मीठ आणलं. प्रत्येक जेवणानंतर चमचाभर मीठ, वर तांब्याभर पाणी. रात्री उठून पुन्हा पाणी. तोंड वाकडं करायच्या, पण अंड्याला करायच्या तेवढं नाही. हे काम त्यांना जमण्यासारखं होतं.

मला एक गोष्ट आठवत होती. बाळाच्या वेळी सातव्या महिन्यात माझे पाय सुजले होते, तेव्हा याच नर्सबाईंनी मीठ बंद करायला लावलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो फळीच्या दांड्याला तेल लावत होता. म्हणाला, तुझं पोटुशीचं वेगळं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाला, सातच दिवसांचा प्रश्न आहे, कार्ड मिळालं की बंद करू. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ऐकलं.

बाराव्या दिवशी पोत्यांच्या काट्यावर एकोणपन्नास भरले. राखणदाराने काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. आत्याबाईंचा चेहरा भरला होता. डोळ्यांखालचे खळगे गेले, कपाळावरच्या रेघा पुसल्या. रेडिओ ओळभर सांगत फिरली की शिडीने बाळसं धरलं. नवऱ्याने कितीतरी दिवसांनी हसून आईचा गाल दोन बोटांत धरला. त्यांनी त्याचा हात झटकला, पण हसल्या. मी त्यांना एवढं गोड हसताना आधी बघितलं नव्हतं. मीही हसले. त्या दिवशी घरात सण असावा तसं वाटत होतं.

मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहून पायांना चिरा पडतात, म्हणून संध्याकाळी मी त्यांचे पाय गोड्या पाण्याने धुऊन तेल लावायचे. वाफा थांबलेला असला तरी नवऱ्याबरोबर त्या बांध दुरुस्तीला जात होत्याच. त्या संध्याकाळी तेल लावताना माझा अंगठा नडगीवर जरा जोरात टेकला. मी उचलला आणि तिथे खळगा राहिला. कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा. मी बघत बसले. तो भरून यायला वेळ लागला. मी थोडं वर दाबलं, तिथेही राहिला. गुडघ्यापर्यंत असेच.

आत्याबाईंनी पाय ओढून घेतला.

"तीन दिवस गप्प बस," त्या म्हणाल्या.

मी तेलाची वाटी उचलून ठेवली.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात बाकावर सव्वीस माणसं होती. नर्सबाई एकट्या. आत्याबाई झगा घालून काट्यावर चढल्या. पन्नास किलो शंभर. नर्सबाईंनी भागाकार केला, अठरा पूर्णांक सहा लिहिले आणि खाली हिरव्या शिक्क्याने निरोगी असं उमटवलं. मग एकदा वर बघून म्हणाल्या, चेहरा छान भरलाय मावशी. नंतर माझ्याकडे बघितलं, कौतुकाने. घरच्या सुनेने केलं म्हणून. झगा आत्याबाईंच्या पावलांपर्यंत होता. खाली फक्त बोटं दिसत होती, एकमेकांना चिकटलेली, चकाकणारी. मी बाळाची टोपी नीट करत राहिले. ती आधीच नीट होती.

त्या दिवसापासून मीठ बंद केलं. जेवणातलंही जवळजवळ काढलं. पण आलेलं पाणी जाईना. पाय रबरी बुटांत शिरेनात, तेव्हा आत्याबाईंनी पोत्याचे तुकडे गुंडाळून दोरीने बांधले. ताणलेली कातडी मिठाच्या पाण्यात फुटायची आणि त्यातून पाणीच यायचं, रक्त नाही. पाटी त्याच वाहत होत्या. बांधावर आधी एकदा थांबायच्या, मग दोनदा. मग पाटी नवराच भरून द्यायला लागला, तीही अर्धीच. मुकादमाने दोन दिवस काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं की अर्धी माणसं ठेवलीत म्हणून पाट्याही अर्ध्या का?

पहाटे मी बाळासाठी उठायचे तेव्हा त्या भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. म्हातारपणी झोप येत नाही, एवढंच म्हणाल्या. पण मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. भांड्यात तळाशी पाणी उकळतं तसा.

कार्ड मिळून सात दिवस झाले होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा आत्याबाई बांधाच्या मध्यावर बसलेल्या दिसल्या. पाटी डोक्यावरच होती. दोन्ही हात वर करून त्यांनी ती धरून ठेवली होती, कारण खाली ठेवली असती तर लांबून दिसलं असतं. त्या तशाच बसून श्वास गोळा करत होत्या. ओठ जांभळे. मी पाटी उतरवायला हात लावला तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. बोलायला त्यांच्याकडे वारा शिल्लक नव्हता.

नवरा वाफ्यात फळी ओढत होता. त्याने बघितलं होतं. मी जवळ गेले तर खाली बघूनच म्हणाला की दोन महिने, फक्त दोन महिने निघाले की हंगाम संपतो. त्याच्या तळहातांवर चिंध्या बांधलेल्या होत्या. तो वाईट माणूस नाही. त्याला आई आणि खोली दोन्ही हवं होतं, आणि बाळ त्या खोलीत झोपलेलं होतं.

दुपारी बाळाला लस टोचायची आहे असं सांगून मी दवाखान्यात गेले. नर्सबाईंना सगळं सांगितलं. मीठ, पाणी, पायातले खळगे, बसून झोपणं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"त्या दिवशी तू इथेच उभी होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला कार्ड रद्द करावं लागेल. कळतंय ना तुला, पुढे काय होईल ते?"

मी म्हटलं, कळतंय.

त्या स्वतः माझ्याबरोबर बांधावर आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी आत्याबाईंच्या पायाचं पोतं सोडलं, अंगठा दाबला, उचलला. खळगा राहिला. कार्डावरचा शिक्का त्यांचाच होता. मग त्यांनी गाडी बोलावली. आत्याबाई आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्यापाशी आल्यावर त्यांची नजर थांबली.

"घर मोडलंस गं माझं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

गावातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांना सुया दिल्या आणि पाणी उतरायला लागलं. त्या पहिल्या दिवशी काट्यावर पंचावन्न किलो भरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच दमलेलं होतं, त्यावर हे ओझं घातलंत. मग रोज सकाळी वजन, रोज कमी. बावन्न, एकोणपन्नास, पंचेचाळीस. पाचव्या दिवशी एकेचाळीस. चेहरा पुन्हा बसला, पहिल्यापेक्षा खोल. भागाकार मी मनातच केला. सव्वापंधरा. म्हणजे पहिल्या शेहेचाळीस किलोंतही पाणी होतंच. पाटी वाहणाऱ्या माझ्या सासूचा खरा आकडा तो होता, आणि किती वर्षं होता कोण जाणे. मी चमचा पुढे केला की त्या भिंतीकडे वळायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीच्या हातून खायच्या. मी चमचा तिच्याकडे द्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे.

वाफा दुसऱ्या जोडीला गेला. खोली सोडायला चार दिवस दिले. नवऱ्याला लांबच्या एका मिठागरात एकट्याने पोती भरायचं काम मिळत होतं आणि लगेच या म्हणत होते. तो फळी मुकादमाकडे जमा करून पुढे गेला. मला तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. सामान बांधायची दोरी कुठे आहे तेवढं सांगितलं, बाळाचा पाय हातात धरून थोडा वेळ बसला आणि निघाला.

चौथ्या दिवशी सकाळी टेम्पो आला, पण तो पक्क्या रस्त्यावरच थांबतो. खोल्यांपासून रस्त्यापर्यंत मध्ये बांध, हातगाडीही जात नाही असा. आत्याबाईंना दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि खोलीवर त्यांना जायच्या आधी नवऱ्यानेच उचलून आणलं होतं. सामान आधीच पोहोचवून झालं होतं. रेडिओने बाळाला घेतलं, पहिल्यांदाच काही न बोलता. मी आत्याबाईंसमोर पाठ करून उकिडवी बसले आणि म्हटलं, या.

त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांचे हात माझ्या खांद्यांवर आले.

एकेचाळीस किलो म्हणजे भरल्या दीड पाटीएवढं. पण पाटी डोक्यावर स्थिर बसते, माणूस हलतो. त्यांचे लांब पाय माझ्या पोटऱ्यांना लागत होते. मी ते कोपरांत घट्ट धरले. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली होती. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता आणि त्यात आता पाणी वाजत नव्हतं. आमच्या वाफ्यापाशी आलो. तिथे एक तरणा माणूस फळी ओढत होता आणि त्याची बायको पाटी घेऊन बांधावर येत होती. आम्हाला बघून ती पाटीसकट खाली उतरली आणि वाट दिली. मी मान खालीच ठेवली. आत्याबाईंनी मात्र मान वळवून बघितलं, मला त्यांची हनुवटी फिरलेली जाणवली.

अर्ध्यावर मला दम लागला. मी थांबले. उतरवलं असतं तर पुन्हा उचलता आलं नसतं, म्हणून तशीच उभी राहिले. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तुझी हाडं टोचतात," आत्याबाई म्हणाल्या.

नऊ दिवसांनी आवाज ऐकला. मला वाटलं त्यांना लागतंय. मी म्हटलं, थोडंच राहिलंय, आत्याबाई, सोसा जरा.

मग त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि गळ्याखालच्या हाडावरून फिरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. काट्यावर चढलेल्याला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

"पाजतेस कशाच्या जोरावर?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना जरा वर सरकवून घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं.